मानाच्या दोन खुर्च्या

खुर्ची म्हणजे काय असतं हो? चार पाय, एक पाठ आणि बूड टेकायला थोडी जागा! एवढ्याशा वस्तूसाठी दुकानदाराच्या पायऱ्या झिजवायच्या? ज्याच्या हाताला करवत धरता येते त्याने तरी नाही. आणि मला करवत धरता येते की नाही, हे आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. निदान आवाजावरून तरी सगळे सांगतील!

हे सगळं मी आमच्या हिला जेवणाच्या टेबलाशी उभं राहून सांगत होतो. उभं राहून, कारण बसायची सोयच उरली नव्हती. जुन्या खुर्च्यांचा वेत असा खोल गेला होता की बसलं की गुडघे हनुवटीला आणि हनुवटी ताटाला! समोरचा माणूस फक्त भुवयांपर्यंत दिसायचा.

"सहा खुर्च्या विकत आणू या," ही म्हणाली.

"मी करतो!"

ती गप्प झाली. मुरलेल्या नवऱ्याला बायकोच्या बोलण्याची भीती वाटत नाही, तिच्या गप्प होण्याची वाटते.

"मागे तुम्ही स्वयंपाकघरात फळी केलीत," शेवटी ती म्हणाली.

"मग? आहे की अजून भिंतीवर!"

"फळी आहे. बरण्या नाहीत. त्या एकेक करून घसरत खाली गेल्या."

"तो भिंतीचा दोष होता!"

आता खरं सांगायचं तर प्रश्न खुर्च्यांचा नव्हताच, त्यांच्यावर बसणाऱ्यांचा होता. आमच्या मुलीने तिच्या ऑफिसातला एक मुलगा पसंत केला होता. मुलगा सालस, हसरा, खाऊन झालं की स्वतःचं ताट उचलणारा. त्याची आईही राजी होती. घोडं अडलं होतं ते त्याच्या वडिलांपाशी. ते शिड्यांच्या कारखान्यात तपासनीस होते. शिडी हातात घ्यायची, गदागदा हलवायची, कान लावून तिची कुरकुर ऐकायची आणि 'नापास' म्हणायचं, यात त्यांची हयात गेली होती. मुलगा सांगायचा की घरी आलेल्या पाहुण्यांशी हात मिळवतानाही ते त्याला किंचित हलवून बघतात!

"बाबा, प्लीज, प्रयोग नको," मुलगी म्हणाली. "ते हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत. म्हणतात, घर बघू, माणसं बघू, मग ठरवू. आणि ते कुणाकडेच टेकत नाहीत हो! चहाचा कप खाली ठेवला की उठले!"

"माझ्या खुर्चीवरून उठून दाखवू देत!" मी छाती ठोकून म्हणालो.

शब्द फळाला येतात म्हणतात, ते काही उगाच नाही.

माझं वर्कशॉप म्हणजे आमचं गॅरेज. मोटार बिचारी तेव्हापासून रस्त्यावर ऊन खात उभी असते. मी लाकूड आणलं, रंध्याला धार लावली आणि कामाला जुंपलो. आणि काय सांगू, सुखाचे दिवस होते ते! रंधा सरसर पुढे जायचा, ढलप्या कुरळ्या केसांसारख्या पायाशी पडायच्या, सगळीकडे ताज्या लाकडाचा वास. प्रत्येक पायाला खाच, प्रत्येक आडव्या पट्टीला तिच्यात बसणारी खुंटी, मध्ये गोंद, वरून शिकंजा. खिळा औषधालासुद्धा नाही! ही चहा घेऊन यायची, एका ओंडक्यावर बसायची, केसात उडालेला भुसा झटकायची आणि म्हणायची, "बरे दिसताहेत हो पाय." एवढ्यावर मी दोन पाय जास्त तासायचो.

चार साध्या खुर्च्या केल्या आणि टेबलाच्या दोन टोकांना ठेवायला दोन हातांच्या. मानाच्या! एक व्याह्यांसाठी, एक माझ्यासाठी. सहाही खुर्च्या गॅरेजमध्ये अशा उभ्या राहिल्या की डुगडुगण्याचं नाव नाही. डुगडुगणाऱ्या खुर्चीचा आधी एक पाय कापायचा, मग दुसरा, असं करत करत शेवटी पाट उरतो, ही गोष्ट मलाही ठाऊक आहे. मी तसला मूर्ख नाही. माझा मूर्खपणा जरा वेगळ्या दर्जाचा निघाला.

खुर्च्या घरात आणल्या. हिला पहिल्या बसण्याचा मान दिला. ही बसली आणि हळूहळू पुढे येऊ लागली. तिने दोन्ही हातांनी टेबल धरलं.

"अहो, ही मला उठवतेय!"

"काहीतरीच काय!"

मी दुसरीवर बसलो. मीही टेबलाकडे निघालो! सहाच्या सहा खुर्च्या पुढे वाकल्या होत्या, कुणीतरी गुपित सांगतंय आणि त्या ऐकताहेत अशा! मी डोकं खाजवत गॅरेजमध्ये गेलो आणि तिथे पायाखालच्या फरशीने उत्तर दिलं. मोटार धुतली की पाणी बाहेर वाहून जावं म्हणून गॅरेजच्या फरशीला उतार होता. खुर्च्यांची तोंडं चढाकडे करून मी सगळं माप बरोबर जुळवलं होतं. म्हणजे टेकडीवर जेवायला बसायचं असतं तर माझ्यासारखा कारागीर नव्हता!

सगळ्या खुर्च्यांचे मागचे पाय कमी करावे लागले. ते झालं, छान झालं, खुर्च्या ताठ उभ्या राहिल्या. पण वॉर्निश वाळायला राखून ठेवलेले दिवस त्यात गेले. तरी घाईघाईने सगळ्यांना दोन-दोन हात मारले. पाहुणे यायच्या आदल्या संध्याकाळी मी सहज बघायला गेलो, तर दिव्याखाली त्या मानाच्या दोन खुर्च्या मला जरा फिक्या वाटल्या. सामान्य खुर्च्या चमकताहेत आणि मानाच्या मलूल! हे कसं चालेल? मी डबा उघडला आणि त्या दोघींवर तिसरा हात मारला. जाड! डब्यात उरलेलं सगळं संपवलं!

सकाळी बोट लावून पाहिलं. कोरडं! आता, दुधावर साय धरली म्हणून खालचं दूध काही घट्ट होत नाही, हे रोज सकाळी दूध तापवणाऱ्या माणसाला कळायला हवं होतं. मला नाही कळलं.

"खुर्च्यांवर गाद्या घालू का?" हिने विचारलं.

"गाद्या? दागिन्यावर कुणी स्वेटर घालतं का?"

"वास येतोय हो अजून."

"नव्या वस्तूचा वास असतोच! खिडक्या उघड."

पाहुणे दुपारी जेवायच्या वेळेला आले. व्याही उंच, सडपातळ, किंचित पोक काढून चालणारे, फिक्या रंगाची कडक इस्त्रीची पँट. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि खरोखरच थोडा हलवला! मी शक्य तितका घट्ट उभा राहिलो. पास की नापास, चेहऱ्यावरून कळेना. विहीणबाई गोल चेहऱ्याच्या, मोकळ्या. त्या फिजिओथेरपिस्ट, त्यामुळे आल्या आल्या त्यांनी आमच्या हिचे खांदे पाहिले आणि म्हणाल्या, "उजवा दुखतो ना?" दुखत होता! दोघींचं तिथेच जमलं.

व्याह्यांनी मात्र दाराची कडी हलवून पाहिली, खिडकीचा गज हलवून पाहिला. मग मानाच्या खुर्चीपाशी आले. ती तिरकी केली, हलवली, कान लावला. मुलीने डोळे मिटून घेतले.

"हं," व्याही म्हणाले आणि बसले. समोरच्या टोकाला मी बसलो. 'हं' म्हणजे पास नव्हे, पण नापासही नव्हे. मला अंगात ऊब आल्यासारखं वाटलं. ती ऊब खालून येत होती, हे मागाहून कळलं.

सूप आलं. मी मीठ घ्यायला पुढे वाकलो. वाकलो म्हणजे, मी वाकलो, सदरा नाही वाकला! पाठीमागे 'चर्र' असा बारीक आवाज झाला आणि सदऱ्याने मला गळपट्टीला धरून मागे खेचलं. मी जरा उठायला पाहिलं. पँट म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे."

माझ्या लक्षात आलं आणि दरदरून घाम फुटला. आणि त्याच क्षणी दुसरी गोष्ट लक्षात आली, तिने तो घामही थिजला. तिसरा हात मी दोन खुर्च्यांना मारला होता! मी समोर पाहिलं. व्याही लाकडी पट्टीसारखे ताठ बसले होते. सुपाचा चमचा टेबलापासून त्यांच्या तोंडापर्यंत लांबच्या गावाला निघाल्यासारखा जात होता. चेहरा मख्ख. त्यांना कळलंय की नाही? काही अंदाज येईना!

"अगंबाई!" विहीणबाई आनंदाने म्हणाल्या. "इतकी वर्षं कानीकपाळी ओरडतेय, ताठ बसा, ताठ बसा! आज पहिल्यांदा बसलात! खुर्ची कुणी केली ही?"

"बाबांनी," मुलगी म्हणाली.

"कमाल आहे! पाठीला काय आधार दिलाय!"

आता खोटं कशाला बोलू? तशा अवस्थेतही मला गुदगुल्या झाल्या.

एकच गोष्ट आता माझ्या हातात होती. या माणसाला उठू द्यायचं नाही! उठले की पँट फाटणार, पँट फाटली की लग्न फाटणार!

"अहो, पाण्याचा जग आणता का?" ही म्हणाली.

"तू आण."

"अहो, निदान भाजी तरी फिरवा."

"तू फिरव. मी गप्पा मारतोय."

मी तोवर एक अक्षरही बोललेलो नव्हतो. हिने अशी नजर टाकली की तिनेच वॉर्निश वाळायला हवं होतं! म्हणून मग मी खरंच बोलायला लागलो. जे सुचेल ते! लाकडावर बोललो, हवेवर बोललो, मोटारीच्या टायरवर बोललो. व्याही 'हं', 'हं' करत होते. गोड झालं, हात पुसून झाले. चहा आला. व्याह्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि मुलीने माझ्याकडे केविलवाणं पाहिलं.

"निघू या?" विहीणबाईंनी नवऱ्याला विचारलं.

"बसू की जरा," व्याही म्हणाले. "घाई काय आहे?"

मुलाच्या हातातला चमचा खणकन खाली पडला. विहीणबाईंनी नवऱ्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. आमच्या मुलीचा चेहरा असा फुलला की मला रडू यायचं बाकी राहिलं. ही धावत जाऊन फळं कापून घेऊन आली. मग पुन्हा चहा आला. मग बिस्किटं आली. मग, काही उरलं नाही म्हणून, पुन्हा चहा आला. व्याही सगळ्याला 'चालेल' म्हणत होते.

आणि मग ते बोलायला लागले. जाणार कुठे बिचारे! आधी शिड्यांवर बोलले. कुठल्या लाकडाची शिडी दगा देते, कुठली आधी कुरकुर करून सांगते. मी विचारत गेलो, ते सांगत गेले. मी म्हणालो, "तुमच्या घरची शिडी तर अगदी बावनकशी असेल!"

त्यांनी रिकामा कप बशीत जरा फिरवला.

"आयुष्यात एकच शिडी न तपासता घेतली," ते म्हणाले. "स्वतःच्या घरासाठी. तरुण होतो, घाईत होतो. तिसऱ्या पायरीवरून जो आलो खाली, तो पाय मोडूनच. प्लास्टर निघालं. पायाला व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची. फार रागवायची."

"अजून रागावते," विहीणबाई हळूच म्हणाल्या. त्यांचे कान लाल झाले होते.

"बाबा!" मुलगा थक्क झाला. "तुम्ही हे मला कधीच नाही सांगितलंत!"

"तू कधी इतका वेळ बसलास माझ्याजवळ? आणि मी तरी कुठे बसतो!"

टेबलाभोवती असं काही छान वाटत होतं की क्षणभर मी विसरूनच गेलो, आपण चिकटलोय ते.

मुलाला फार आनंद झाला होता. आनंदात माणूस घातक होतो! "आपण सगळ्यांचा फोटो काढू या!" तो म्हणाला. "सगळे त्या भिंतीपाशी उभे राहा!"

"बसूनच काढ!"

हे मी ओरडलो. पण माझ्याबरोबर, अगदी एका सुरात, टेबलाच्या दुसऱ्या टोकावरूनही कुणीतरी ओरडलं होतं!

मी व्याह्यांकडे पाहिलं. व्याह्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा मख्ख चेहरा किंचित हलला. मग त्यांनी घसा खाकरला.

"आम्हा दोघांना जरा खासगी बोलायचंय."

मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. निकाल!

"हो हो!" मी म्हणालो. "तुम्ही सगळे तोवर माझं वर्कशॉप बघून या ना!"

ही सगळ्यांना घेऊन गेली. दार लागलं. आम्ही दोघे उरलो, दोन टोकांना, दोन पुतळे.

"तुम्हीही?" व्याह्यांनी विचारलं.

"मीही."

"कधीपासून?"

"सुपापासून. तुम्ही?"

"सुपाच्या आधीपासून. पहिल्यांदा मला वाटलं, घाम असेल."

"मग बोलला का नाहीत?"

"पहिल्या भेटीत यजमानाला काय सांगायचं? तुमच्या खुर्चीने मला धरलंय, सोडायला सांगा?"

"टर्पेंटाइन चोळलं की सुटतं," मी उत्साहाने म्हणालो.

"कुठे आहे?"

"वर्कशॉपमध्ये."

दोघांनीही बंद दाराकडे पाहिलं.

"मग कपडे खुर्च्यांवरच सोडून द्यावे लागतील," व्याही म्हणाले. "जेवणाच्या खोलीत नको. बेडरूम कुठे आहे?"

आम्ही उठलो. म्हणजे खुर्च्यांसकट उठलो! कमरेत वाकून, पाठीवर खुर्ची, खाली मान. दोन म्हातारी कासवं देशांतराला निघावीत तसे आम्ही पॅसेजमधून निघालो. पुढे व्याही, मागे मी. त्यांच्या खुर्चीचे पाय माझ्या डोळ्यांसमोर हलत होते आणि मला वाटून गेलं, मागचे पाय काय सफाईने कमी केलेत मी!

बेडरूमच्या दारात व्याही थांबले.

"काय झालं?"

"अडकलो. खुर्चीचे हात रुंद आहेत."

"तिरके व्हा!"

"कुठल्या बाजूला?"

"ज्या बाजूने जाल त्या बाजूला!"

ते तिरके झाले आणि जास्त पक्के बसले. मी मदतीला म्हणून डोक्याने त्यांची खुर्ची ढकलली, तर माझ्या गळपट्टीत तिचा पाय गेला! आता ते पुढे ओढताहेत, मी मागे ओढतोय. चौकट करकरली, माझं बटण उडालं, व्याह्यांनी "हुं! हुं!" करत दोन्ही हातांनी दार धरून जीव खाऊन हिसका दिला...

"अहो?" मागून हिचा आवाज आला.

सगळे परत आले होते. मला ते दिसत नव्हते, फक्त त्यांचे पाय दिसत होते. चारही जोड्या जागीच थिजल्या होत्या.

"हेच का तुमचं खासगी बोलणं?" विहीणबाईंनी विचारलं.

मला वाटलं, संपलं! मुलीचं लग्न, माझी अब्रू, सगळं त्या चौकटीत अडकून मेलं! आणि मग दाराच्या पलीकडून, तोंड बेडरूमकडे असलेल्या व्याह्यांचा धापा टाकणारा आवाज आला.

"एवढं ओढलं... एवढं हिसकलं... आणि सांधा एकही हलला नाही हो! पास!"

"बाबा," मुलगा कुजबुजला, "तुम्ही 'पास' म्हणालात?"

आधी विहीणबाई हसल्या. मग ही. मग मुलगी भिंतीला टेकून अशी हसली की खाली बसली. मी हसलो तसा माझ्या गळपट्टीतला पाय हलला, म्हणून व्याही हसले, म्हणून चौकट हलली. शेवटी मुलाने आणि त्याच्या आईने शास्त्रशुद्ध पद्धतीने आम्हाला तिरकं केलं, वाकवलं आणि आत लोटलं. आम्ही दार लावून घेतलं आणि सगळं सोडून दिलं. कपडे खुर्च्यांवरच राहिले, माणसं गळून गेल्यासारखे.

व्याही बाहेर आले ते माझ्या पायजम्यात. तो त्यांच्या पोटऱ्यांवरच संपत होता. सदऱ्याच्या बाह्या कोपरांपाशी. पण चेहरा असा की आता कुठे घरात आल्यासारखा!

"माझं ठरलं," ते मुलीला म्हणाले. "ज्या माणसाबरोबर एका दारात अडकलो आणि ज्याच्या घरी पँट सोडून निघालो, त्याच्याशी सोयरीक केलेलीच बरी. ही गोष्ट परक्याच्या तोंडी राहायला नको!"

मुलीने त्यांना मिठी मारली. त्यांनी तिला हलवून वगैरे पाहिलं नाही.

आम्ही सगळे त्यांना मोटारीपर्यंत सोडायला गेलो. मुलगा मागेच राहणार होता. मी तर हवेत होतो. इतका की गाडी सुरू होताना मी खिडकीत वाकून म्हणालो, "आणि बरं का, मुलांच्या संसाराला पलंग मी स्वतःच्या हाताने करून देणार!"

व्याह्यांनी पायजमा खाली ओढत गंभीरपणे विचार केला.

"जरूर करा," ते म्हणाले. "आणि घाई अजिबात करू नका. तो पुरता वाळला की मगच लग्नाची तारीख धरू."

गाडी गेली. मुलीने मुलाकडे पाहिलं. मुलाने मुलीकडे पाहिलं. दोघं तशीच बाहेर पडली आणि संध्याकाळी टेम्पोत पलंग घालून घेऊन आली! विकतचा! घर अजून घ्यायचंय, भाड्याचंही ठरलेलं नाही, पण पलंग आला. ठेवणार कुठे? आमच्या हिने लगेच जागा सुचवली. तेव्हापासून तो माझ्या वर्कशॉपच्या बरोबर मध्ये पसरलाय. रंधा मारायला हात लांबवायचीही सोय उरलेली नाही.

"किती शोभतो नाही तिथे?" ही येता-जाता म्हणते.

परवा दुपारी करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी जरा त्याच्यावर आडवा झालो. काय सांगू, जो डोळा लागला तो चहाची हाक येईपर्यंत! पलंग चांगला आहे हो. नाही म्हणजे, कारखान्याचा असला तरी चांगलं ते चांगलं म्हणावं. फक्त उठण्याआधी मी एक कूस हळूच उचलून बघितली, एवढंच!